प्रथम वर्षाचे लेखन-साहाय्य : मूल्यमापनाचा प्रश्न

पदवीच्या प्रथम वर्षाला लेखनासाठी जे पूरक वर्ग घेतले जातात, त्यांचे मूल्यमापन आपल्याकडे बहुधा एकाच रीतीने होते. जुलैमधला निबंध आणि फेब्रुवारीतला निबंध शेजारी ठेवून लाल खुणा मोजायच्या. त्या घटल्या असतील तर उपक्रम यशस्वी. अहवालात हे आकडे शोभून दिसतात. परंतु ते नेमके काय मोजतात?

या संदर्भात मिना शॉनेसी यांचे काम आजही उपयुक्त वाटते. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातील माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या सर्वांना प्रवेश खुला केला. त्यानंतरच्या चार वर्षांत सिटी कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध शॉनेसी यांनी अभ्यासले आणि 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' (१९७७) या ग्रंथात त्यांची मीमांसा केली. चुका निष्काळजीपणातून होत नाहीत, त्यांमागे काही एक तर्क असतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. चुकीच्या धास्तीने विद्यार्थी अवघड रचना टाळतो, हेही त्यांनी दाखवले.

मराठीतील एक उदाहरण घेऊ. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने जुलैमध्ये लिहिले होते : 'कथेत गावाचे चित्रण आहे. ते वास्तव आहे.' चूक एकही नाही. फेब्रुवारीत तिने लिहिले : 'गावाचे चित्रण जरी वास्तव आहे परंतु निवेदक ज्या अंतरावरून पाहतो, ते आपल्याला परके वाटते.' येथे 'जरी'ला 'तरी' मिळालेले नाही आणि 'ज्या'चा सांधा निखळला आहे. मात्र वास्तवता आणि परकेपणा यांतील ताण तिला प्रथमच जाणवला आहे. तो पेलणारे वाक्य अजून तिच्या हाती आलेले नाही, इतकेच. खुणांच्या हिशेबात ही अधोगती ठरते. (ऱ्हस्वदीर्घाच्या चुका निराळ्या, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार नियम शिकवून त्या बऱ्याच आटोक्यात येतात. त्यांची बेरीज वाक्यरचनेच्या चुकांत करू नये.)

असा हिशेब निरुपद्रवी नसतो, कारण त्यावर वर्ग चालू राहणे अवलंबून असते. सिटी विद्यापीठाच्या वरिष्ठ महाविद्यालयांतील पदवी अभ्यासक्रमांतून पूरक वर्ग वगळण्याचा निर्णय १९९९ मध्ये पक्का झाला. आपल्याकडे तर तासिकांच्या वेळापत्रकातूनच असे वर्ग नाहीसे होतात. ठरावाचीही गरज पडत नाही.

याला पर्याय कष्टाचा आहे : पहिला खर्डा, त्यावरचा शेरा आणि दुसरा खर्डा एकत्र जपून शेऱ्याने काय घडवले ते वाचणे. ऐंशींच्या वर्गात हे सर्वांबाबत शक्य नाही, दहा-बाराजणांबाबत आहे. 'वाक्यरचना सुधारा' हा शेरा प्रस्तुत लेखक वर्षानुवर्षे लिहीत आला होता. दुसऱ्या खर्ड्यांत त्याचा माग काढल्यावर बहुतेकांनी ते अवघड वाक्यच गाळलेले आढळले. त्या खर्ड्यांतील चुका अर्थातच कमी भरल्या.