कूलरचा पंप, निळा ड्रम आणि चार मासे

पावसाची पहिली सर आली की विदर्भातल्या घराघरांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. कूलरमधलं पाणी काढायचं, ताट्या वाळवायच्या आणि पंप पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकायचा. पुढचे सात-आठ महिने त्या पंपाला काही काम नसतं. गच्चीवर किंवा बाल्कनीत अ‍ॅक्वापोनिक्स करून बघायचं तुमच्या डोक्यात असेल, तर शोध तिथूनच सुरू करा. माळ्यावरून!

कन्सेप्ट सोपी आहे. खाली टाकीत मासे, वर गिट्टी भरलेल्या ट्रेमध्ये पालक किंवा पुदिना. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. गिट्टीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. झाडं ते शोषून घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा माशांकडे जातं. पण तयार किटची किंमत बघितली की पॉकेटमनीला घाम फुटतो. म्हणून हा जुगाड.

पंप घेताना काय बघाल?

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे असतात. ताशी किती लिटर पाणी फेकतो आणि जास्तीत जास्त किती उंचीवर. गंमत अशी, की पहिला आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. उंची वाढते तसं पाणी कमी होतं आणि कमाल उंचीवर ते जवळपास थांबतंच. ढोबळ नियम असा, की टाकीतलं पाणी तासाला एकदा फिरायला हवं. समजा टाकी १२० लिटरची आहे. पाइप ट्रेच्या उंचीवर धरा, खाली १० लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. बादली पाच मिनिटांत भरली, तर पंप पास.

कूलरचा १८ वॉटचा पाण्यात बुडणारा पंप एवढ्या कामाला पुरतो. दिवसरात्र चालवला तरी महिन्याला साधारण १३ युनिट. जुना, मोटर वर आणि दांडा खाली असलेला पंप मात्र नको. आणि घरात पडलेल्या टुल्लूच्या नादाला तर लागूच नका. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३७० वॉट, बिल बघून बाबा सगळं गुंडाळायला लावतील. नवीनच घ्यायचा असेल, तर थंडीत घ्या. एप्रिलमध्ये दुकानदार घासाघीस ऐकून घेत नाही.

ड्रमचा आधी वास घ्या

इथे मी आपटलो. भंगारवाल्याकडे २०० लिटरचा निळा ड्रम स्वस्तात मिळाला. तीनदा धुतला, उन्हात ठेवला, पाणी भरलं आणि आठवड्याने चार गोल्डफिश सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही मासे उलटे तरंगत होते. त्यात आधी काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. आई एवढंच म्हणाली, ‘‘आधी नाकाला लावून पाहायचा होता ना!’’

म्हणून ड्रम घेताना पहिला प्रश्न किमतीचा नाही. ‘‘भाऊ, यात काय होतं?’’ हा. उत्तर लोणचं, सरबताचं सिरप किंवा खाद्यतेल असेल तर घ्या. केमिकल, रंग, कीटकनाशक असेल किंवा ‘‘माहीत नाही’’ असेल, तर फुकट दिला तरी नको. प्लास्टिकवर त्रिकोणात २ हा आकडा असेल, तर ते एचडीपीई, म्हणजे टिकाऊ. पण तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, आत काय भरलं होतं ते नाही. तांब्या-पितळेचे नळ आणि जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे डबेही नकोत. हे धातू पाण्यात उतरले की माशांना विषारी ठरतात.

चांगला ड्रम मिळाला, तर एकातच काम भागतं. वरचा एक तृतीयांश भाग कापून उलटा ठेवला की ट्रे तयार, उरलेली टाकी. त्याहून लहान प्रयोग करायचा असेल, तर १५ लिटरचे तेलाचे रिकामे कॅन आडवे कापा. गिट्टीवर लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, ती नको. आपल्याकडची काळी गिट्टी चालते.

हे मात्र चुकवू नका

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. हा तोच पंप आहे आणि तेच पाणी. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नसेल, तर पंपाआधी तो बसवा. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

दुसरं, वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेला ड्रम आणि वर गिट्टी मिळून दोनशे किलोंच्या पुढे जातं. बाल्कनीच्या कठड्याला टेकवू नका, खालून भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. बिल्डिंग जुनी असेल, तर कॅनवरच समाधान माना.

तिसरं, लाइट गेली की पंप थांबतो आणि मासे गुदमरतात. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो. तो तुमच्या पॉवर बँकवर चालतो.

आणि शेवटचं, घाई. जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात पंप चालू ठेवा, दुकानात मिळणाऱ्या किटने अमोनिया तपासत राहा आणि आकडा शून्यावर आल्याशिवाय मासे वाढवू नका. सुरुवातीला दोन-चार गप्पी पुरेत. ते डासांच्या अळ्याही खातात, त्यामुळे शेजारचे काका तक्रार करायला आले तर उत्तर तयार.

माझा दुसरा ड्रम लोणच्याचा आहे. धुऊनही पहिले काही दिवस गच्चीवर कैरीचा वास यायचा. आता तिथे पुदिना आहे, खाली मासे आहेत. आणि नवतपा आला की पंप परत कूलरमध्ये जाऊ नये, म्हणून आईला मी आधीच दुसरा पंप आणून दिलाय.