कागदावरचे रणगाडे



कामगार संघटनेच्या माणसाने रणगाड्यांच्या प्रतिकृतींवर काय म्हणून बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आयुष्य कारखान्याच्या फाटकापाशी गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. यंत्र दिसले की ते कोणी केले, हे विचारावयाचे. काही जर्मन रणगाड्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मोठे चमत्कारिक येते: कोणीच नाही. ते झालेच नाहीत. तरी प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून त्यांच्या प्रतिकृती करता येतात. खोक्यावर रंगीत चित्र असते, रणगाड्यावर पलटणीचा क्रमांक असतो, आणि पाहणाऱ्या पोराला वाटते की हे लढाईत होते. २०१० नंतर ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ या खेळाने हीच नावे जगभरच्या मुलांच्या तोंडी नेली. तेव्हा खरे कोणते, अर्धे खरे कोणते आणि नुसते कागदी कोणते, हे ओळखावे कसे?

येवलेकरांना ही रीत परकी नाही. जाणती बाई पैठणी घेताना पदर उलटून पाहते. हातमागाची नक्षी दोन्ही अंगांनी सारखी उठलेली असते. यंत्रावरच्या नकलेच्या पाठीला सुटे धागे दिसतात. प्रतिकृतीचेही तसेच करावे. चित्राकडे न पाहता आतले भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात ती उलटावी. तिच्यावर किंवा धडाच्या पोटाशी बहुधा कारखान्याचे नाव व सालाचा आकडा उठवलेला असतो. मात्र ते साल साच्याचे, रणगाड्याचे नव्हे. आणि जुना साचा नव्या खोक्यात घालून विकण्याची चाल या धंद्यातही आहे.

मग नाव वाचावे. जर्मनांची पद्धत कारकुनी आणि म्हणूनच उपयोगाची. ‘व्हीके ७०.०१ के’ असे असेल, तर ‘व्हीके’ म्हणजे पूर्ण पट्ट्यांवर चालणारे वाहन, ७० म्हणजे सत्तर टनांचा वर्ग, ०१ म्हणजे त्या वर्गातला पहिला आराखडा, आणि ‘के’ म्हणजे क्रुप कंपनी. ‘पी’ असले तर पोर्शे, ‘एच’ असले तर हेन्शेल. हा ७०.०१ म्हणजेच ‘लोवे’, सिंह. १९४२ साली तो बाजूस सारून ‘माउस’ म्हणजे उंदीर हाती घेण्यात आला. उंदीर १८८ टनांचा! त्याचे दोन नमुने खरोखर झाले, आणि त्या दोहोंचे भाग जुळवून केलेला एक रशियात मॉस्कोजवळ कुबिंका येथे जपून ठेवला गेला. म्हणून माउसची प्रतिकृती खऱ्या वस्तूची. सिंहाची मात्र कागदाची. याच सुमारास एडवर्ड ग्रोटे यांनी हजार टनांच्या ‘राटे’चा, म्हणजे घुशीचा, आराखडा मांडला होता. १९४३ च्या आरंभी श्पेअर यांनी तो बंद केला.

येथे फूटपट्टी कामी येते. १:३५ हे माप जपानच्या टामिया कंपनीने १९६१ च्या सुमारास रूढ केले. त्यामागे शास्त्र काही नव्हते, पोटात मोटर व विजेचे घट मावावेत एवढीच सोय होती. माउसची रुंदी सुमारे ३.७ मीटर, या मापात ती साडेदहा सेंटिमीटर भरली पाहिजे. राटे ३५ मीटर लांब व्हावयाचा होता. म्हणजे १:३५ मध्ये तो पुरा एक मीटर होईल आणि घरात ठेवावयाला देव्हारा हलवावा लागेल! म्हणून टाकोम कंपनीने तो १:१४४ मध्ये काढला. सुमारे चोवीस सेंटिमीटरांत भागले.

सर्वांत अधिक घोळ ‘ई’ मालिकेत होतो. ‘ई’ म्हणजे ‘एन्टविकलुंग’, विकास. पुढचा आकडा टनांचा वर्ग: १०, २५, ५०, ७५, १००. क्नीपकांप या अधिकाऱ्याची ही योजना. रणगाड्यांच्या नेहमीच्या कारखान्यांवर आधीच कामाचा बोजा होता, म्हणून ती इतर कंपन्यांकडे सोपवली गेली. ट्रंपेटर कंपनीने या पाचही आकड्यांच्या प्रतिकृती काढल्या आहेत. ई-५० आणि ई-७५ दिसावयाला भाऊभाऊच. पण चाकांच्या जोड्या मोजा. एका बाजूस तीन जोड्या असतील तर ५०, चार असतील तर ७५. बुरुजावर विश्वास ठेवू नका. त्यांच्या बुरुजाचा पक्का आराखडा उरलेला नाही. ‘पँथर’साठी योजलेला अरुंद बुरूज पाहून प्रतिकृतीकारांनी तो बेतलेला असतो.

आता ई-१००. याचे फक्त धड झाले, तेही अपुरे. पाडरबोर्नजवळ हाउस्टेनबेक येथे ते १९४५ साली दोस्त फौजांच्या हाती लागले. बुरूज कधी चढलाच नाही. पुढे ते ब्रिटनमध्ये नेऊन मोडीत काढले. धडाची छायाचित्रे आहेत, म्हणून प्रतिकृतीचा खालचा भाग पारखता येतो, वरचा अंदाजाचा. हे काम ॲडलर कंपनीचे होते, आणि अखेरच्या महिन्यांत शंभर टनांच्या या यंत्रावर तिची अवघी तीन माणसे राबत होती. तीन! आपल्याकडे एवढ्या माणसांत बैलगाडीची धाव चढवतात. आणि त्याच ॲडलरच्या फ्रँकफर्टमधल्या कारखान्यात ऑगस्ट १९४४ ते मार्च १९४५ या काळात ‘काट्झबाख’ नावाची छळछावणी होती. सुमारे सोळाशे कैदी तेथे जुंपलेले. पाचशेहून अधिक त्या शहरातच मेले. खोक्याच्या पाठीवर चिलखताची जाडी मिलिमीटरांत दिलेली असते, ही माणसे नसतात. ती शोधावयाची तर ॲडलरच्या नावापासूनच सुरुवात करावी लागते, म्हणून आराखडा कोणत्या कंपनीचा हे पाहिल्यावाचून ओळख पुरी झाली असे मी समजत नाही.

ज्यांना खरे लोखंड कसे दिसते ते पाहावयाचे आहे, त्यांनी मनमाड-नगर रस्त्याने नगरला जावे. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर. तेथे १९९४ साली उघडलेले लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. जपानी ‘हा-गो’ व ‘ची-हा’ आहेत, जर्मनांची चिलखती गाडी आहे, आवडीला बनलेला ‘विजयंता’ आहे. पत्र्यांच्या जोडाशी वेल्डिंगची वळी, ओतकामाचा खडबडीतपणा, रिव्हेटांची डोकी नीट पाहून घ्यावी. घरी येऊन प्रतिकृती हाती घ्यावी आणि चौथऱ्यावर पाटी लावताना सरळ लिहावे: ‘ई-१००. धड अपुरे, हाउस्टेनबेक, १९४५. बुरूज अंदाजाने. कारखाना ॲडलर.’