आसगांवचे सेंटर फॉरवर्ड

नाशिकच्या द्वारका भागांत संध्याकाळीं फुटबॉल खेळणारीं मुलें पाहावीं, तों एखाद्याच्या अंगांत पोर्तुगालच्या संघाचा तांबडा सदरा दिसतोच. परदेशच्या खेळाडूंचीं नांवें या मुलांना तोंडपाठ असतात. परंतु, श्रोतेहो, पोर्तुगीज निशाणाखालीं जन्मलेल्या एका खेळाडूनें भारतासाठीं केवढा पराक्रम केला, हें त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनाहि क्वचितच ठाऊक असतें.

नेव्हिल डिसूझा यांचा जन्म १९३२ सालीं गोव्यांतील बारदेशांत, आसगांवीं झाला. गोवा पोर्तुगालच्या ताब्यांतून सुटला तो १९६१ च्या डिसेंबरांत. पोटापाण्यासाठीं मुंबईस येणें ही गोमंतकीयांची जुनी वहिवाट. धोबीतलावाच्या बाजूस त्यांचीं गांवागांवांच्या नांवानें चालणारीं सामायिक बिऱ्हाडें असत. नेव्हिलहि मुंबईचेच खेळाडू झाले. टाटा व कॅल्टेक्स या संघांकडून ते खेळले. फुटबॉल खेळून धनवान होण्याचे ते दिवस नव्हते.

१९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत युगोस्लाव्हियानें भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला होता. त्या थंडींत आपले कित्येक गडी अनवाणी खेळले होते! पुढें बूट आले, आणि हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिकवणीनें संघास शिस्त आली. १९५६ सालीं मेलबर्न येथें हंगेरीच्या संघानें माघार घेतल्यामुळें भारत न खेळतांच पुढच्या फेरींत गेला. तेथें गांठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशीं.

सेंटर फॉरवर्ड म्हणजे आघाडीच्या मधला गडी. इतरांनीं धांवधांव करून आणलेला चेंडू त्याच्यापाशीं येतो तो क्षणभरच. तेवढ्यांत जागा हेरावी, पाय उचलावा किंवा डोकें लावावें. चुकलें तर सारा दोष त्याचा. १ डिसेंबर रोजीं नेव्हिल यांनीं दोनदां भारतास आघाडी मिळवून दिली, आणि दोन्ही वेळां ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनें ती फेडली. मध्यंतरास २-२. विश्रांतीनंतर थोड्याच वेळांत नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला; पुढें किट्टू यांनीं चौथा केला. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यांत तीन गोल करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई होत.

उपांत्य सामना पुन्हां युगोस्लाव्हियाशींच! पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्धांत पहिला गोल नेव्हिल यांनींच केला, आणि कांहीं क्षण तरी हेलसिंकीचें उट्टें निघालें असें वाटलें. मग मात्र प्रतिपक्षानें चार गोल चढविले. तिसऱ्या क्रमांकासाठींहि बल्गेरियानें ३-० नें हरविलें. चौथ्या क्रमांकास पदक नसतें. घरीं दाखवावयास कांहीं उरत नाहीं. तरी स्पर्धेंतील सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत एक नांव नेव्हिल यांचें होतें. उरलेले दोघे बल्गेरियाचा मिलानोव्ह व युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच.

मोझांबिकांत, म्हणजे पोर्तुगालच्याच दुसऱ्या एका वसाहतींत, जन्मलेला युसेबियो लिस्बनला गेला. १९६६ च्या विश्वचषकांत त्यानें पोर्तुगालसाठीं नऊ गोल केले, आणि जग त्यास ओळखूं लागलें. आसगांवच्या मुलाची वाट लिस्बनऐवजीं मुंबईकडे वळली. त्यांचे बंधु डेरेक हेहि भारताकडून खेळले. नेव्हिल यांचें १९८० सालीं निधन झालें. ऑलिंपिकच्या फुटबॉलांत भारताचा पुरुष-संघ शेवटचा दिसला तो १९६० सालीं, रोम येथें.