हालचालींची मानसिक उजळणी आणि सूचनेची भाषा

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जू यांचा विकार होय. फ्रेंच चिकित्सक झां-मार्तां शार्को याने १८६८ मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन केले. या विकारात मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण ठिकठिकाणी नष्ट होते व संदेशवहन मंदावते. डोळे, अंतर्कर्ण आणि पायांचे स्नायू व सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांचा मेळ बसला म्हणजे देहाचा तोल राहतो; संदेश उशिरा पोचले, की तोल जातो. पडण्याच्या भयाने रुग्ण चालणे टाळू लागतो आणि न चालल्याने तोल अधिकच ढळतो.

हे दुष्टचक्र तोडण्यास साह्यभूत होऊ शकणारा एक उपाय म्हणजे हालचालींची मानसिक उजळणी. रुग्ण स्वस्थ बसून, पाय न हलविता, आपण चालत आहोत अशी कल्पना करतो. हालचालींची आखणी करणारी मेंदूतील केंद्रे अशा कल्पनेनेही कार्यप्रवृत्त होतात, हे या उपायाचे अधिष्ठान. ऑस्ट्रियातील बार्बारा झेबाखर व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये १०१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रोज १७ मिनिटे, आठवड्यातून सहा वेळा, असा चार आठवडे हा क्रम होता. तालाच्या व शाब्दिक सूचनेच्या साथीने उजळणी करणाऱ्यांच्या चालण्याचा वेग, उजळणी न करणाऱ्यांच्या तुलनेत, वाढल्याचे आढळले. हा अभ्यास चालण्यासंबंधीचा होता; परंतु चालणे म्हणजे पावलोपावली तोल सावरणेच होय.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. कल्पना दुरून पाहिलेल्या चित्रासारखी न राहता आतून अनुभवलेली असावी आणि तिला प्रत्यक्ष हालचालीइतकाच वेळ लागावा, अशी अपेक्षा असते. म्हणून सूचना प्रथमपुरुषी व अपूर्ण वर्तमानकाळी असणे इष्ट. 'पाय उचला' ही आज्ञा झाली. 'मी पाय उचलत आहे' या वाक्यात मात्र क्रिया काळाबरोबर उलगडते.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या परिसरात वऱ्हाडी बोलली जाते. तेथे हाच आशय 'मी पाय उचलून राह्यलो' असा व्यक्त होतो. प्रमाण मराठीच्या श्रोत्यास मात्र यातून, पाय उचलून तसाच धरून ठेवला आहे, असा बोध होईल. एकीत पाऊल पुढे पडावयाचे आहे, दुसरीत एका पायावर उभे राहावयाचे आहे. तोल सांभाळण्याच्या दृष्टीने या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया होत. तेव्हा एका बोलीतील सूचना दुसऱ्या बोलीच्या रुग्णास देताना केवळ शब्द नव्हे, तर क्रियापदाची रूपेही पारखून घ्यावी लागतात.

या उपायास साधने लागत नाहीत. शारीरिक श्रमानंतर या विकारात दृष्टी तात्पुरती मंदावते, हे उहथॉफ याने १८९० मध्येच नोंदविले होते; उष्णतेनेही लक्षणे तात्पुरती बळावतात. विदर्भातील चाळीस अंशांपलीकडील उन्हाळ्यात बसल्या जागी करावयाची उजळणी म्हणूनच सोयीची ठरते. औषधोपचार व प्रत्यक्ष व्यायाम यांची जागा ती घेऊ शकत नाही. चिकित्सकाच्या सल्ल्याने त्यांना जोड म्हणूनच ती करावी. मात्र ती रुग्णाच्या स्वतःच्या बोलीत असावी, कारण मनातल्या मनात चालणारा मनुष्य आपल्याच बोलीत चालत असतो.