लोकलमध्ये पुन्हा कादंबरी

मांजर्लीतून बदलापूर स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची आणि सीएसएमटीपर्यंत सुमारे ६८ किलोमीटर जायचं. खिडकी मिळाली तरी हल्ली पुस्तक उघडत नाही, अंगठाच मोबाइलवर सरकत राहतो. वाचनाची मोडलेली सवय पुन्हा लावायची, तर सुरुवात पाचशे पानी ठोकळ्याने नको.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) अंगाने लहान आहे. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जुळलेलं प्रेम आणि मागे दाटून आलेलं युद्ध. चार-सहा फेऱ्यांत ती हातावेगळी होते.

नवं हवं असेल, तर कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ आहे. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणापायी उठलेलं गाव आणि मागे सुटलेली म्हैस, असा तिचा विषय. बोलीशी पहिल्या पानांत झटापट होते. दोन परिच्छेद मोठ्याने वाचले की लय सापडते.

विकत घेण्याआधी चाळायचं असेल, तर बदलापुरातच श्याम जोशींनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय आहे, दुर्मीळ मराठी ग्रंथांसाठी नावाजलेलं. मलपृष्ठावरची स्तुती सोडून मधलंच एखादं पान उघडावं. तिथे पात्रं बोलू लागली, तर पुस्तक पिशवीत टाकायला हरकत नाही.