नोकरीचा अर्ज मोबाईलवर

कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे लागतात. उल्हासनगरात जीन्सच्या कपड्यांची शिलाई चालते, फर्निचर बनते. अंबरनाथ-बदलापूरला कारखान्यांच्या वसाहती आहेत. म्हणजे काम तसे जवळच आहे. पण कोणाला माणूस हवा आहे, हे खेड्यातल्या पोराला कळावे कसे?

पूर्वी पोरगा कारखान्यांच्या फाटकांवर विचारत हिंडे. नाहीतर ठाण्याला सेवायोजन कचेरीत नाव नोंदवायला जाई. गाडीभाडे जाई, त्या दिवसाची मजुरी बुडे. मग पत्राची वाट बघत बसायचे!

आता हे नाव मोबाईलवरून नोंदवता येते. त्यासाठी महाराष्ट्र सरकारचे 'महास्वयम' आहे. मोबाईलमधली सरकारी कचेरीच म्हणा ना! केंद्र सरकारनेही २०१५ साली अशीच 'राष्ट्रीय करिअर सेवा' सुरू केली. तिथे नाव, शिक्षण, कोणते काम येते ते लिहायचे. मालक आपल्याकडच्या रिकाम्या जागा कळवतात. त्या वाचून मुलाने अर्ज करायचा. २०२४ साली राज्य सरकारने तरुणांसाठी कामावरच्या प्रशिक्षणाची योजना काढली. बारावी झालेल्यास महिना ६,००० रुपये, आयटीआयवाल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० असे विद्यावेतन ठरले. तिचे अर्जही असेच घेतले.

अर्ज दुकानात भरून घेतलात, तर एक बघा. मोबाईल नंबर आपलाच लिहिला ना? दुकानदाराचा लिहिला, तर मालकाचा फोन त्याच्याकडे जाईल आणि तुम्ही घरी वाट बघाल. आणि फोनला काही हुन्नर येत नाही, बरं का! वेल्डिंग, शिलाई, हिशेब हे हातानेच शिकावे लागते. फोन फक्त जागा दाखवतो.

आमच्या ओळखीच्या एका मुलाला फोनवर निरोप आला, 'अंबरनाथच्या कंपनीत नोकरी पक्की. नोंदणीचे १,५०० रुपये पाठवा.' आईने कोंबड्या विकून पैसे दिले. पैसे गेले, नोकरी कुठली! सरकारी नोंदणीला एक पैसाही पडत नाही. नोकरी देण्याआधी कोणी पैसे मागितले, तर तो ठक समजावा. फोनवर येणारा गुप्त आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तोही कोणाला सांगू नये.

तरी कोणी फसलेच, तर लगेच १९३० या नंबरावर फोन करावा. लवकर कळवले, तर पैसे वाटेत अडवता येतात. त्या मुलाने लाजेने तीन दिवस घरात सांगितलेच नव्हते.