मोहाखालची आग आकाशातून कशी दिसते?

मार्च उजाडला की गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलांचा हंगाम सुरू होतो. फुले पहाटे गळतात. पाचोळ्यात ती हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. तिचा वणवा झाला की वनरक्षकाच्या मोबाइलवर देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा संदेश येतो. ही खबर असते उपग्रहाची. त्याने आग पाहिलेली असते ती अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरणांतून.

हे किरण आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला लागणारी धग त्यांचीच. चंद्रपुरात उन्हाने तापलेला रस्ता आणि घराचे पत्रे रात्रीही ते सोडत राहतात. गोठ्यातला बैल सोडतो, आपले शरीरही सोडते. डोळ्यांना मात्र ते दिसत नाहीत. विल्यम हर्शेलने १८०० साली सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला, तेव्हा तिथे पारा चढला आणि त्यांचा पत्ता लागला.

मग सगळेच तापलेले असताना आग वेगळी कशी ओळखायची? वस्तू जितकी गरम, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी कमी. तापलेली जमीन १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक किरण सोडते, तर शेकडो अंशांची ज्वाळा ४ मायक्रॉनजवळ झळकते. ‘व्हीआयआयआरएस’ हा उपग्रहावरील संवेदक दोन्ही मोजतो आणि शेजारच्या जमिनीशी ताडून पाहतो. त्याचा एक चौकोन ३७५ मीटरचा. त्याच्या अगदी लहानशा भागात आग असली तरी तो चौकोन उठून दिसतो.

पण हा पहारा अखंड नाही. हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. ढग आले की नजर अडते. दाट झाडीखालची छोटी आगही निसटते. उलट, एखाद्या कारखान्याची भट्टी आग म्हणून नोंदली जाऊ शकते. त्यामुळे संदेश आला तरी वनरक्षकाला तिथवर जाऊन पाहावेच लागते. आणि पहाटे मोहाखाली ओढलेली काडी दुपारच्या फेरीत दिसेपर्यंत पाचोळ्यातून बरीच पुढे गेलेली असते. झाडाखाली खराटा फिरवला किंवा जाळी बांधली, तर काडी लागतच नाही.